न घेतलेलं वजन

बँकेत हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभी होते, तेव्हा फोन आला. नोव्हेंबरात आम्हा पेन्शनवाल्यांची ही एक परीक्षाच असते. आपण जिवंत आहोत हे आपल्याच तोंडाने सांगायचं, सही करायची आणि खिडकीतल्या मुलीने चष्म्यावरून बघून खात्री करून घ्यायची. माझ्या पुढे दोघं उरले होते. फोनवर जमीलभाई होते, आमच्या लातूरच्या ऑफिसातले जुने लिपिक. म्हणाले, "बाई, आपले आप्पा गेले. सकाळीच. उदगीरला." मी विचारलं, "कोण आप्पा?" खरं तर मला कळलं होतं. आमच्या भागात लिंगायतांच्या घरातले निम्मे पुरुष आप्पाच असतात, त्या आडोशाला मी दोन क्षण उभी राहिले एवढंच. मग माझा नंबर आला आणि मी जिवंत असल्याची सही करून बाहेर पडले.

मन्मथ कोरे त्यांचं नाव. मी त्यांच्या अंत्यविधीला गेले नाही. नंतर शिवगणाराधनेला, म्हणजे त्यांच्याकडच्या दिवसकार्याला, घरून बोलावणं आलं, तेव्हाही पाठदुखीचं निमित्त सांगितलं. पाठ माझी दुखतेच, पण नांदेडहून उदगीर काही लंकेत नाही. गेले नाही कारण तोंड नव्हतं. आता सात आठवडे झाले आहेत आणि या पुरवणीत लोक गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहितात, तसे लिहायला मी बसले आहे. चांगले शब्द येतीलच, आप्पांबद्दल दुसरे येणार कुठून? पण त्यांच्या सोबत माझ्याबद्दलचे काही येतील, ते वाचकांनी सोसून घ्यावेत.

आम्ही दोघं एकाच आठवड्यात नांदेडच्या सांख्यिकी कार्यालयात लागलो, अन्वेषक म्हणून. मी उमरीची, ते उदगीरचे. त्यांच्या घरचं उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत दुकान, थोरला भाऊ गादीवर बसलेला, आणि या धाकट्याने औरंगाबादला जाऊन अर्थशास्त्रात एम.ए. केलेलं. घरच्यांना वाटे, आता हा मोठा हाकीम होऊन येणार. आणि हा आला तो हातात सर्व्हेचे तक्ते घेऊन, गावोगाव एसटीने फिरत, लोकांना "घरात खाणारी तोंडं किती" असं विचारत. सरकारी अर्थशास्त्रज्ञ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबईतला कोट येतो. आमच्याकडच्या अर्थशास्त्रज्ञाच्या पायात टायरच्या तळव्याची चप्पल असायची आणि खिशात भत्त्याच्या बिलासाठी जपून ठेवलेली बसची तिकिटं.

आमच्या खात्याची शिडी आप्पा खुर्च्यांवरून समजावून सांगत. अन्वेषकाला बिनहाताची खुर्ची. सांख्यिकी सहायकाला हाताची. सहायक संशोधन अधिकारी झाला की खुर्चीच्या पाठीवर टॉवेल आणि टेबलावर घंटी. त्याच्या वर जिल्हा सांख्यिकी अधिकारी, त्याला जीप. "आणि त्याच्याही वर?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्याच्या वरचे खुर्चीत कुठं बसतेत बाई? ते सदा मीटिंगला." पगारातला फरक म्हणाल तर एका पायरीला महिन्याकाठी ज्वारीचं एखादं पोतं येईल एवढा. पण त्या एका पोत्यासाठी माणसं दहा-दहा वर्षं सेवाज्येष्ठतेच्या यादीत आपलं नाव शोधत, वरचा कोणी निवृत्त झाला की आपण किती वर सरकलो ते बोटावर मोजत. मीही मोजत असे. मी तर जास्तच मोजत असे. माझे यजमान विनाअनुदान शाळेत शिक्षक होते, पगार नावापुरता, तोही तीन महिन्यांनी. घर माझ्या पगारावर चाले आणि घरात सासूबाई, दोन मुलं.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा आमच्या विभागात विकल्प मागवले. नव्या जिल्ह्यात कोण जातो? आप्पांनी उदगीर जवळ पडेल म्हणून विकल्प दिला. मी दिला तो नवी पदं निघतील म्हणून. मुलांना नांदेडला सासूबाईंकडे ठेवून मी लातूरला एका खोलीत राहू लागले, शनिवारी दुपारी एसटी धरायची आणि सोमवारी पहाटेची परतीची. तोवर आम्ही दोघंही सांख्यिकी सहायक झालो होतो. नव्या जिल्ह्याचं ऑफिस म्हणजे भाड्याच्या घराच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जमीलभाईंचा टाइपरायटर. कपाटं यायची होती, नकाशे यायचे होते, धान्य मोजायचा काटा आणि वजनांची पेटीसुद्धा अजून जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीच पडून होती. पण सहायक संशोधन अधिकाऱ्याचं एक पद मात्र मंजूर होऊन आलं होतं. यादीत पहिलं नाव मन्मथ कोरे, दुसरं माझं. आप्पा साहेब होणार, आणि त्यांच्यानंतर कधीतरी मी, हे ठरल्यासारखंच होतं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे.

दोन-तीन वर्षांत पावसाने दडी मारली. मूग, उडीद जागेवर वाळले, ज्वारीची कणसं बोटाएवढी राहिली. अशा साली आमच्या खात्याला एकदम महत्त्व येतं. प्रत्येक महसुली मंडळातली काही गावं, त्या गावातले शेतांचे काही गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे आकड्यांच्या तक्त्यावरून निवडायचे, शेतात दोरी लावून ठरल्या मापाचा चौकोन आखायचा आणि त्यातलं पीक कापून, मळून, तोलायचं. मग त्यातला नमुना कापडी पिशवीत भरून वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. पहिलं वजन ओल्या धान्याचं, दुसरं वाळलेल्याचं. दुसरं तेच खरं. त्यावरून पिकाचा उतारा निघतो, उताऱ्यावर गावाची पैसेवारी ठरते, म्हणजे रुपयातले किती पैसे पीक आलं ते. ती पन्नास पैशांच्या आत आली तर गाव दुष्काळात, शेतसाऱ्याला सूट, पोरांच्या परीक्षेची फी माफ. पन्नासच्या वर गेली तर काही नाही. पोराची फी भरायची की शाळा सोडायची, हे एका पिशवीच्या वजनावर ठरत असे, हे मला तेव्हाही माहीत होतं. अडाणीपणाचं निमित्त मला नाही.

त्या वर्षी सगळा हंगाम कोरडा गेला आणि नेमकं कापणीच्या वेळी दोन दिवस पाऊस भुरभुरला. निलंगा तालुक्यातल्या एका मंडळाचे नमुने माझ्याकडे होते. पिशव्या ऑफिसच्या मागच्या खोलीत ओळीने टांगल्या होत्या. शनिवारी सकाळी वरून निरोप आला की आकडे आज दुपारपर्यंत हवेत, साहेबांची जीप घेऊन जाईल. काटा अजूनही आला नव्हता. एरवी आप्पा मोंढ्यात ओळखीच्या दुकानातून तोलून आणत, पण ते निलंग्याला तपासणीला गेलेले आणि मोंढा त्या दिवशी बंद. गल्लीत किराणा दुकान होतं, तिथे मागता आला असता. पण सगळ्या पिशव्या नेऊन एकेक तोलायला दुपार गेली असती, तीनची नांदेड गाडी चुकली असती आणि घरी धाकट्याला ताप होता. मी काय केलं? मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं. मागच्या वर्षी वाळल्यावर जेवढी घट आली होती तेवढीच यंदाही धरली आणि दुसऱ्या वजनाचा रकाना बसल्या जागी भरून टाकला. मागच्या वर्षी धान्य खडखडीत वाळलेलं कापलं होतं, त्यामुळे घट अगदी थोडी होती. यंदा दाण्यात पाणी होतं. हा फरक मला सुचला नाही असं नाही... सुचला, आणि मी तो बाजूला सारला. कॉलेजातल्या पोरानेही केली नसती अशी ही चूक. आमच्या धंद्यात मुरलेल्या माणसालाच ती सुचते.

दोनच्या सुमारास आप्पा आले, धुळीने माखलेले. बाहेर जीप चालू करून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आप्पांनी तक्ते हातात घेतले, उभ्या उभ्या पानं चाळली आणि मला विचारलं, "बाई, दुसरं वजन झालं?"

मी म्हटलं, "झालं."

ज्येष्ठ म्हणून तपासणी त्यांच्याकडे असे; त्यांनी "तपासले" लिहून खाली सही केली. तक्ते जीपमध्ये गेले आणि मी तीनची गाडी धरली. खिडकीशी जागा मिळाली म्हणून मला बरंसुद्धा वाटलं होतं, हे आठवलं की आजही मला माझा राग येतो.

सोमवारी मी ऑफिसात पोचले तर आप्पा मागच्या खोलीत. एका पिशवीची दोरी सोडून त्यांनी ज्वारीचा दाणा दाताखाली धरला होता. मोंढ्यातला पोरगा तो, वाळलेला दाणा कट्टकन फुटतो हे त्यांना बालवाडीच्या आधीपासून माहीत. दाणा फुटला नाही, चेपला. त्यांनी दुसऱ्या पिशवीतला घेतला, तिसऱ्या पिशवीतला घेतला. मला काही न बोलता ते बाहेर गेले आणि तासाभराने हमालाच्या डोक्यावर काटा घेऊन आले. म्हणाले, "मी तोलतो, तुम्ही लिहा." ते एकेक पिशवी तोलत आणि आकडा सांगत, मी लिहीत असे. शेजारीच शनिवारच्या तक्त्याची स्थळप्रत होती. प्रत्येक आकडा त्यातल्या आकड्यापेक्षा कमी येत होता, आणि दाणे अजून पुरते वाळलेही नव्हते. खोलीत काट्याच्या साखळीचा आवाज आणि आप्पांचे आकडे, बाकी काही नाही. शेवटची पिशवी झाल्यावर त्यांनी हात झटकले.

"शनिवारी वजन कुठं केलंत?"

"केलं नाही आप्पा. मागच्या सालची घट धरली."

"मग झालं म्हणून कशाला सांगितलंत?"

ते स्टुलावर बसले. मंडळातल्या गावांची पैसेवारी मनातल्या मनात मांडत असावेत, कारण थोड्या वेळाने म्हणाले, "शनिवारच्या आकड्यानं सगळी गावं पन्नासच्या वर गेली. खऱ्या वजनानं आत येतेत. खुलासा पाठवावा लागंल." मी म्हटलं, "आप्पा, यादी..." मला नक्की काय म्हणायचं होतं, तुमची की माझी, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. त्या पदासाठी इतके दिवस रखडलेली बढतीची समिती पुढच्याच महिन्यात बसायची होती. ते म्हणाले, "यादीचं यादी बघून घेईल. तिथं पोरं फी भरून राहिलीत."

साहेबांसमोर आम्ही दोघं उभे राहिलो. साहेब माणूस वाईट नव्हते, पण आकडे जिल्हाधिकाऱ्यांकडून पुढे गेले होते आणि नव्या जिल्ह्याच्या नव्या ऑफिसने पहिल्याच दुष्काळात आपला आकडा चुकला असं लिहून द्यायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. फाईल आपटून त्यांनी विचारलं, "चूक कोणाची?" आप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीने तर मुळीच नाही. फक्त पाहिलं आणि थांबले. मी बोलेन म्हणून थांबले... मला तो वेळ अजून मोजता येतो. टेबलावरच्या काचेखाली साहेबांच्या मुलीचा फोटो होता, तिने दोन वेण्या घातल्या होत्या. मी त्या वेण्यांकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात घरभाडं होतं, यजमानांचा तीन महिन्यांचा न आलेला पगार होता, आणि यादीतलं माझं दुसरं नाव होतं. खोटं कशाला बोलू, तेही होतं. तोंडातून ब्र निघाला नाही.

मग आप्पा म्हणाले, "तपासणी माझी हाय साहेब. सही माझी हाय."

यात खोटं काहीच नव्हतं. पुढे किती वर्षं मी याच वाक्याला टेकून झोपले. तपासणी त्यांची होती, पिशव्या न बघता सही त्यांनी केली होती, नियमाने जबाबदार तेच होते. त्यांनाही मनातून तसंच वाटत होतं, हे मी त्यांना ओळखते म्हणून सांगते. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी वेण्या बघत होते, हे कुठल्या नियमात बसत नाही.

दुरुस्त आकडे गेले. मंडळातली गावं पन्नासच्या आत आली, फी माफ झाली. आप्पांना लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात "कामात निष्काळजी" असा शेरा पडला. समितीने शेऱ्याचा माणूस बाजूला ठेवला आणि पुढचं नाव घेतलं. आदेश आला त्या दिवशी जमीलभाईंनी माझ्याकडून पैसे घेऊन पेढे आणले. आप्पांनी अर्धा पेढा घेतला, अर्धा डब्यात परत ठेवला आणि म्हणाले, "अभिनंदन, मॅडम." तोवर मी त्यांच्यासाठी 'बाई' होते. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी मला कधी बाई म्हटलं नाही.

मग मी टॉवेलच्या खुर्चीत बसले आणि आप्पा माझ्या हाताखाली आले. आम्हा दोघांना रोज एकमेकांचं तोंड बघायचं होतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा सोपं जात होतं, असं मला वाटे. दरवर्षी मार्चअखेर त्यांचा गोपनीय अहवाल मी लिहायची. दरवर्षी "अत्युत्कृष्ट" लिहायची. एकदा वरून विचारणाही झाली, याच माणसाला मागे शेरा आहे, तुम्ही एवढं काय बघितलंत? मी पानभर समर्थन लिहून पाठवलं. त्यात सगळं होतं, फक्त त्या शनिवारचं नव्हतं. हळूहळू शेरा जुना झाला, पण तोवर त्यांच्या मागची माणसं पुढे गेली होती, पदं भरली होती, आणि नवी निघाली तेव्हा आप्पांचा पगार श्रेणीच्या टोकाला जाऊन थांबला होता. तिथे गेलं की वर्षाची वेतनवाढही बंद पडते. आमच्या भाषेत त्याला कुंठित म्हणतात. हा शब्द मी त्यांच्या सेवापुस्तकात माझ्या हाताने लिहिला आहे.

आणि गंमत बघा, नवा वेतन आयोग आला की सगळं ऑफिस पगार बसवून घ्यायला आप्पांकडे. फक्त आमचंच नाही, शेजारच्या ऑफिसातलेही येत. "आप्पा, माझं फिक्सेशन बघा जरा." आप्पा प्रत्येकाचं सेवापुस्तक उघडून, कुठल्या टप्प्यावर कुठली वाढ धरायची ते पेन्सिलने मांडून देत. एकदा मी जेवून आले तर माझं सेवापुस्तक त्यांच्यापुढे. म्हणाले, "मॅडम, तुमची एक वेतनवाढ मागं राहून गेलीय. दरखास्त द्या, फरक मिळंल." मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी दार लोटून घेतलं. म्हटलं, "आप्पा, ते तेव्हाचं मी आता लिहून देते. वजन मी घेतलं नव्हतं, तुम्हाला खोटं सांगितलं होतं, असं. तुमचा शेरा काढायला लावते."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. सावकाश लावलं.

"आता दिलंत तर तुमच्यावर चौकशी बसंल, आणि मला काय भेटंल?" ते म्हणाले. मग पेन खिशाला लावत, "तेव्हा द्यायचं होतं, मॅडम."

एवढंच. त्याबद्दल सबंध आयुष्यात ते एकदाच बोलले. त्यांच्या मनात काही नाही, संतमाणूस आहे, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती, ती त्या दिवशी गेली. त्यांना लागलं होतं. रोज लागत होतं आणि रोज ते माझ्या समोरच्या टेबलावर बसून लोकांचे पगार बसवून देत होते. मी लिहून दिलं नाही. त्यांनीच नको म्हटलं ना, असं स्वतःला सांगितलं. माणूस किती सोयीने ऐकतो बघा, "आता" मी ऐकलं आणि "तेव्हा" सोडून दिलं.

आप्पा सांख्यिकी सहायक म्हणून निवृत्त झाले. मी जिल्हा सांख्यिकी अधिकारी म्हणून, जीपसकट. त्यांच्या निरोपसमारंभात भाषण करताना मी त्यांना "आमच्या कार्यालयाचा कणा" म्हटलं. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, नीलावहिनी, निळं जरीचं लुगडं नेसून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी वाजवल्या नाहीत. मला वाटलं, बाई लाजाळू आहे.

गेल्या आठवड्यात शेवटी मी उदगीरला गेले. वहिनींनी पाणी दिलं, चहा दिला, पाठीची चौकशी केली. मग आतून एक पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद होते. म्हणाल्या, "अक्का, तुम्ही साहेब हाव. बघा बरं, एवढंच बसतं का?" मी बघितलं. बरोबर बसत होतं. सांख्यिकी सहायकाच्या विधवेला तेवढंच बसतं. मी मान हलवली. त्यांनी कागद गोळा केले आणि नजर खाली ठेवूनच विचारलं, "यांना मागं शिक्षा झालती म्हणे. काय चूक केली होती हो यांनी?"

मी विचारलं, "आप्पांनी कधी सांगितलं नाही?"

"न्हाई. विचारलं की उठून बाहेर जायचे. मोठे दीर चारचौघांत म्हणायचे, एवढं शिकून पोत्याचं वजन न्हाई करता आलं, आमचा मुनीम बरा. हे मान खाली घालून ऐकायचे. मग मीबी म्हणायची..." त्या थांबल्या. पदर तोंडाला लावला. "मी लई बोलले त्यांना अक्का. तुमच्यासंगं लागलेल्या बाई साहेब झाल्या, तुम्हीच कसे राहिले? काय झक मारलीत? तीस वर्षं बोलले."

तीस वर्षं मी समजत होते की त्या शनिवारी आप्पांची एक पायरी गेली. महिन्याला ज्वारीचं पोतं. तेवढा हिशेब मी मनात मांडून ठेवला होता आणि तो जमेल तसा अत्युत्कृष्टने फेडत होते. घरातलं मला माहीतच नव्हतं... माहीत करून घेतलं नव्हतं. मी वहिनींना सांगितलं. पिशव्या, मागच्या सालची घट, मी "झालं" म्हणाले ते, साहेबांसमोर मी गप्प राहिले ते, सगळं. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. चूल विझत चालल्यासारखा त्यांचा चेहरा एकेका वाक्याला उतरत गेला. मी थांबल्यावर म्हणाल्या, "त्यांनी मला का न्हाई सांगितलं?" मला काय ठाऊक! मी म्हटलं, "मला माफ करा." त्या उठल्या, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? चला. दिराला सांगा."

मोंढा घरापासून जवळच. वहिनी पुढे, मी मागे. दुकानात थोरले भाऊ गादीवर होते, शिवलिंगअप्पा, नव्वदीला टेकलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, डोळे मात्र तेज. त्यांची मुलं, हमाल, दोन गिऱ्हाइकं. वहिनींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि तीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच दिरासमोर मोठ्याने बोलल्या, "या बाई काय सांगतेत ते ऐका." मी उभ्या उभ्या पुन्हा सगळं सांगितलं. घरात सांगितलं त्याहून अवघड गेलं, कारण इथे सगळ्यांना धान्यातलं कळत होतं. ओल्या दाण्याला वाळल्याची घट लावली म्हटल्यावर एक हमालसुद्धा चुकचुकला. साहेबांनी विचारलं आणि आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, इथवर आले तेव्हा शिवलिंगअप्पांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुम्ही बोलला न्हाईत?"

"नाही."

"आन तो?"

"म्हणाले, सही माझी हाय."

दुकानाच्या बाहेर, भिंतीला लागून एक लाकडी बाक आहे, हमाल आणि वाट बघणारी गिऱ्हाइकं बसतात तो. शिवलिंगअप्पा त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या मुलाने हळू आवाजात मला सांगितलं की निवृत्तीनंतर काका रोज संध्याकाळी दुकानात यायचे, पण आत गादीवर कधी बसले नाहीत, त्या बाकावर बसायचे. "या म्हणलं तरी येत नव्हते. आणि बाबांनीबी कधी म्हणलं न्हाई."

शिवलिंगअप्पा गादीवरून उठले. मुलगा हात द्यायला पुढे झाला, त्याला त्यांनी बाजूला केलं. काठी टेकत, उंबऱ्याची पायरी उतरून बाहेर गेले आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसले. शेजारी एका माणसाची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. एक गिऱ्हाईक येऊन तिथे बसायला लागलं, तर त्याला म्हणाले, "तिकडं बसा." मला कोणी बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. वहिनी दाराशी उभ्या होत्या, मी त्यांच्या मागे. आत गादी तशीच मोकळी होती आणि बाहेर ते म्हातारे गृहस्थ त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून बसले होते.